क्लॅरिनेट, सॅक्सोफोन झाले. आता ट्रम्पेट: पन्नाशीनंतर ब्रासकडे वळताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 57. शाळेच्या बँडपासून क्लॅरिनेट, पुढे ऑर्केस्ट्रात टेनर सॅक्सोफोन, असं मिळून तीस वर्षांच्या वर वाजवणं झालंय. नोटेशन सहज वाचता येतं. निवृत्ती जवळ आलीय आणि ट्रम्पेट शिकायची जुनी इच्छा आहे. वरच्या पुढच्या दोन दातांना कॅप बसवलेल्या आहेत. या वयात जमेल का, किती वेळ लागेल, आणि ट्रम्पेटमुळे क्लॅरिनेटचं तोंड बिघडेल का?

जमेल. मी स्वतः क्लॅरिनेटवरून ब्रासकडे, म्हणजे ट्रम्पेटसारख्या ओठांनी वाजणाऱ्या वाद्यांकडे, आलो आणि आता दोन्ही शिकवतो, त्यामुळे हे केवळ धीर द्यायचा म्हणून लिहीत नाही. आधी दुसरं फुंकवाद्य वाजवलेली, पन्नाशी उलटलेली माणसं माझ्याकडे येतात तेव्हा वयामुळे अडलेली क्वचितच दिसतात. ती अडतात त्यांना आधीपासून जे येतं त्यामुळे. संगीत तयार असतं, ओठ मात्र नवशिके असतात. डोळे वाचतात, बोटं धावतात, कानाला पुढची ओळ ऐकू येत असते आणि या सगळ्यांच्या मागे त्या ओठांची फरफट होते. दहा वर्षांच्या मुलाला पहिल्या आठवड्यात गाणं वाजवताच येत नाही, म्हणून त्याचे ओठ सुरक्षित राहतात. तुम्हाला ते येईल, निदान येतंय असं वाटेल, आणि तिथेच घोटाळा होतो. पहिले तीन-चार महिने सगळ्यात जास्त कष्ट स्वतःला आवरायला पडतात. पुढे जे लिहितोय त्यातलं बरंचसं या एका गोष्टीसाठी आहे.

मुळातला फरक तुम्हाला माहीत असेल, तरी तो नीट समोर ठेवू. क्लॅरिनेट, सॅक्सोफोन आणि आपल्या सनईत पत्ती थरथरते, ही वुडविंड वाद्यं. ट्रम्पेट, तुतारी आणि शंख यांत ओठ थरथरतात. वाद्य कशाचं बनलंय याला इथे महत्त्व नाही. सॅक्सोफोन अख्खा पितळेचा असून वुडविंडमध्येच बसतो. इतकंच काय, पिस्टनचं (ट्रम्पेटवर बोटांनी दाबायच्या झडपांचं) पेटंट 1818 साली निघालं त्याआधी ट्रम्पेटला क्लॅरिनेटसारख्या किल्ल्या लावून पाहिल्या गेल्या होत्या. हायडनने 1796 मध्ये लिहिलेला ट्रम्पेट कंचेर्टो व्हिएन्नाच्या अँटोन वायडिंगरच्या तशाच किल्ल्यांच्या ट्रम्पेटसाठी होता. म्हणजे बोटांचं तंत्र तुमच्या ओळखीचं असलं तरी सूर ओठांतच तयार व्हायचा. घरात फुंकायचा शंख असेल तर आजच तो फुंकून पाहा. आवाज आला तर ट्रम्पेटचं पहिलं पाऊल तुमच्याकडे आहे. नाही आला तरी काळजी नको, दोन-चार दिवसांत येतो.

आता खरा विषय. क्लॅरिनेटवर बोटं बरोबर पडली की सूर जवळजवळ बरोबर येतो. खालचा सा धरून अंगठ्याने रजिस्टर की दाबली की वरच्या सप्तकातला प निघतो. वाद्यच तुम्हाला तिथे नेऊन सोडतं. टेनरला ऑक्टेव्ह की आहे. ट्रम्पेटला यातलं काही नाही. तीन पिस्टन, त्यांच्या दाबायच्या आठ तऱ्हा, त्यातही तिसरा एकटा दाबणं आणि पहिला-दुसरा मिळून दाबणं यांतून एकच स्वर निघतो, म्हणजे नळीच्या लांब्या सातच. एवढ्यावर अडीच सप्तकं काढायची असतात. साहजिकच बोटांच्या एकेका ठेवणीवर अनेक स्वर बसतात.

सरगमीत सांगतो, कारण आपल्या कानाला ते लगेच पटतं. बी-फ्लॅट ट्रम्पेटवर लिहिलेला सी म्हणजे पेटीवरची काळी पाच, तुमच्या क्लॅरिनेटसारखंच. त्याला सा म्हणू. एकही पिस्टन न दाबता तुम्ही सा, प, तार सा, तार ग, तार प एवढे स्वर काढू शकता. त्याच्या वर एक उतरलेला कोमल नी आणि मग आणखी वरचा सा आहे, पण तिकडे वर्षभर बघायचं नाही. कुठला स्वर निघणार हे ओठांचा ताण, फुंकेचा वेग आणि जिभेची ठेवण यांनी ठरतं. पहिला आणि दुसरा पिस्टन एकत्र दाबलात तर ग येईल, किंवा ध, किंवा तार सप्तकातला कोमल रे. तीनही वेळा बोटं अचूकच आहेत. कागदावर ध लिहिलाय, तुम्ही बोटं बरोबर दाबलीत आणि ग वाजला, हे पहिल्या महिन्यात रोज होणार. तीस वर्षांचा वादक तिथे चिडतो, तोच स्वर पुन्हा जोर लावून फुंकतो, ओठांवर माउथपीस दाबतो, आणि ध येतोही. त्या आलेल्या ध मुळे चुकीची सवय पक्की होते.

उपाय एकच आहे, आणि तो आपल्याकडच्या रियाजाला जवळचा आहे. वाजवण्याआधी स्वर गा. मनात गुणगुणणं नाही, तोंडाने गा. तंबोऱ्याचं अ‍ॅप काळी पाचवर लावा, ध गाऊन घ्या, मग वाद्य ओठाला लावा. कानात स्वर पक्का असेल तर ओठ त्याच्याजवळ आपोआप जातात. कसं ते मला शब्दांत पुरतं सांगता येणार नाही, पण प्रत्येक विद्यार्थ्याच्या बाबतीत हे घडताना पाहिलंय. तुमचा तीस वर्षांचा कान इथे खऱ्या अर्थाने कामाला येतो.

पहिल्या महिन्याचा एक रियाज सविस्तर देतो. पिस्टन न दाबता प काढा. हा सुरुवातीचा सगळ्यात सोपा, मधला स्वर. तो चार मात्रा धरा. आता ओठांना काहीही न करता, फुंक तशीच ठेवून, दुसरा पिस्टन दाबा: तीव्र म. मग पहिला: शुद्ध म. पहिला-दुसरा: ग. दुसरा-तिसरा: कोमल ग. पहिला-तिसरा: रे. तीनही: कोमल रे. प पासून कोमल रे पर्यंतचे हे सातही स्वर ओठांच्या एकाच जागेवरचे आहेत. फक्त नळी लांब होत जाते. आता सगळे पिस्टन सोडा आणि सा काढा. इथे पहिल्यांदा ओठांना एक घर खाली उतरावं लागतं. कोमल रे वरून सा वर येताना तुमचा स्वर उडी मारून पुन्हा प वर गेला तर समजा, ओठ ताठ राहिलेत. जबडा किंचित सोडा, जिभेची ठेवण ‘आ’ म्हणताना असते तशी करा आणि पुन्हा या. हा एवढाच उतार रोज, सावकाश, कुठेही जोर न लावता. यात गाणं नाही, लय नाही, कौतुक करण्यासारखं काही नाही, पण पुढच्या सगळ्या वाजवण्याचा पाया इथे पडतो.

या उतारात रे आणि कोमल रे चढे लागतील. तुमचा दोष नाही. प्रत्येक पिस्टनची जादा नळी उघड्या नळीच्या हिशेबाने कापलेली असते. दोन-तीन नळ्या एकत्र जोडल्या की बेरीज थोडी अपुरी पडते. म्हणून तिसऱ्या पिस्टनच्या सरकत्या नळीला कडी असते. डाव्या हाताच्या अनामिकेने ती नळी या दोन स्वरांना बाहेर ढकलायची. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. नंतर लावू म्हणणाऱ्यांचा रे कायम चढाच राहिलेला मी पाहिलाय.

आणि तार ग. उघड्या नळीतला हा ग पेटीच्या गंधारापेक्षा साधारण 14 सेंट (शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे 100 सेंट) उतरा असतो. खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गंधार तो हाच. तंबोऱ्याबरोबर एकट्याने वाजवताना तो इतका गोड लागतो की बदलावासा वाटत नाही, आणि बदलूही नका. मात्र कीबोर्ड, पेटी किंवा बँडमधल्या इतरांबरोबर वाजवताना तो उतरलेला ऐकू येईल. तार रे आणि तार कोमल ग यांचंही तसंच. फुंक किंचित वेगवान करून त्यांना वर धरावं लागतं. क्लॅरिनेटवर असे हट्टी स्वर तुम्ही सांभाळलेलेच आहेत; इथे यादी वेगळी आहे इतकंच.

तोंडाच्या ठेवणीकडे येतो. क्लॅरिनेटला तुम्ही खालचा ओठ दातांवर घेता आणि वरचे दात माउथपीसवर टेकवता. सॅक्सोफोनला थोडं सैल, पण जात तीच. जबड्याची पकड हा तिथला आधार. ब्रासमध्ये जबड्याने पकडायला काहीच नाही. दातांमध्ये फट ठेवायची, ओठ ‘म’ म्हणताना मिटतात तसे मिटायचे, कोपरे पक्के आणि मधला भाग मोकळा. खालचा ओठ आत दुमडला जातोय का ते आरशात बघा. क्लॅरिनेटवाल्यांचा हमखास जातो. हनुवटी सपाट ठेवायची तुमची सवय मात्र इथे सोन्यासारखी उपयोगी आहे. फुगलेले गाल आणि गोळा झालेली हनुवटी सोडवण्यात नवशिक्यांचे महिने जातात, तुमचे जाणार नाहीत.

जबड्याची पकड गेली की हात तिची जागा घेतात. वरचा स्वर लागला नाही की डावा हात वाद्य ओठांवर दाबतो आणि उजवी करंगळी तिच्यासाठीच्या कडीत अडकून मागे ओढते. ओठाला रक्त पोहोचत नाही, तो सुजतो, थरथरणं थांबतं, मग आणखी दाब. ब्रासवरचं नुकसान बहुतेक याच वाटेने होतं. लुई आर्मस्ट्राँगसारख्या जॅझमधल्या नामवंत ट्रम्पेटवादकाला 1930 च्या दशकात ओठाच्या दुखापतीने काही काळ वाजवणं थांबवावं लागलं होतं, आणि ओठांभोवतीचा स्नायू फाटण्याला वैद्यकात त्याच्याच टोपणनावाने ओळखतात. तुमच्यावर ती पाळी येऊ नये म्हणून दोन गोष्टी करा. करंगळी कडीत घालू नका, कडीच्या वर ठेवा. आणि रोज एकदा ट्रम्पेट डाव्या हाताच्या उघड्या तळव्यावर नुसता टेकवून प वाजवा. बोटांनी धरायचं नाही, त्यामुळे ओढताच येत नाही. प स्वच्छ आला तर दिवस चांगला आहे. नाही आला तर त्या दिवशी वरचे स्वर नकोत. वाजवून झाल्यावर ओठावर पुसटसं वर्तुळ दिसलं आणि थोड्या वेळात गेलं तर ठीक. खोल वळ उमटला, तो अर्ध्या तासानंतरही राहिला किंवा ओठ बधिर वाटला, तर त्या दिवशी वाद्य पेटीत ठेवायचं.

विश्रांती हा रियाजाचाच भाग आहे, हे वुडविंडवाल्यांना पटवायला फार वेळ लागतो. क्लॅरिनेटवर तुम्ही तास-दीड तास सलग बसू शकता. इथे सुरुवातीला दहा मिनिटं वाजवायचं आणि तितकाच वेळ थांबायचं. अशी दोन-तीन छोटी सत्रं दिवसभरात पसरून. थांबलेल्या वेळात बोटं नुसती पिस्टनवर चालवा, ओळी गा, नोटेशन वाचा. तुमच्याकडे करण्यासारखं पुष्कळ आहे. पन्नाशीनंतर ओठ दमायला जितका वेळ घेतात त्याहून सावरायला जास्त घेतात. रविवारी तीन तास आणि मग आठवडाभर काही नाही, असं केलंत तर दर रविवारी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

जिभेच्या बाबतीत मात्र बातमी चांगली आहे. पत्तीला जीभ लावायची सवय सोडून ती वरच्या दातांच्या मागे न्यायची: ‘त’, किंवा मऊ हवं तर ‘द’. स्वर संपवताना जिभेने तोडायचा नाही, फुंक थांबवून संपवायचा; ही एक सवय जाणीवपूर्वक मोडावी लागते. पण तोंडात आता पत्ती आणि माउथपीस नसल्याने जीभ मोकळी असते, आणि ‘तकतक’, ‘ततक ततक’ असे दुहेरी-तिहेरी आघात, जे क्लॅरिनेटवर फार थोड्यांना साधतात, ते इथे रोजच्या भाषेचा भाग आहेत. तबल्याचे बोल तोंडाने म्हणायची सवय असेल तर हे तुम्हाला पटकन येईल. बोटांबद्दल एकच: क्लॅरिनेटवर बोट हलकं पडायला हवं, पिस्टन मात्र तळापर्यंत झटकन दाबायला हवा. अर्धवट दाबला की स्वर घसरतो.

फुंकेचं फार सांगत नाही. टेनर वाजवता, त्यामुळे खालच्या सुरांना लागणारा सैल, रुंद श्वास तुमच्याकडे आहे. ट्रम्पेटला पहिल्या दिवसापासून तोच द्या. क्लॅरिनेटचा दाबलेला, अरुंद झोत नको.

आता दात आणि तब्येत. कॅप पक्क्या असतील आणि हिरड्या निरोगी असतील तर अडचण नाही. तरी सुरू करण्याआधी दंतवैद्याला दाखवा, आणि त्यांच्याकडून पुढच्या दातांचा साचा घेऊन ठेवा. ब्रासवाल्यांची ठेवण दाताच्या आकारावर बसलेली असते; उद्या कॅप तुटली तर नवी हुबेहूब तशीच करता यायला हवी. हलणारी कवळी असेल तर काम फार कठीण होतं, आणि इम्प्लांट नवं असेल तर ते पूर्ण बसेपर्यंत थांबावं लागतं. दुसरं, वरचे स्वर जोरात वाजवताना तोंडातला आणि छातीतला दाब वाढतो, त्याबरोबर डोळ्यांतलाही काही काळ वाढतो. काचबिंदू असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, हर्नियाचं किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. वाजवताना चक्कर आली, डोळ्यांसमोर अंधारी आली तर लगेच थांबा.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट सांगतो. ट्रम्पेटच हवा का? तुमची परिस्थिती पाहता मी आधी युफोनियम (ट्रम्पेटपेक्षा मोठं, खालच्या सुराचं ब्रास वाद्य) हातात घेऊन पाहायला सांगेन. त्याचा माउथपीस आतून सुमारे 25 मिलिमीटर, ट्रम्पेटचा 16 च्या आसपास. मोठ्या माउथपीसमध्ये ओठांना थरथरायला जागा मिळते, दाबावंसं कमी वाटतं, दातांवर भार कमी येतो. नळी जवळपास पावणेतीन मीटर, ट्रम्पेटच्या दीड मीटरसमोर, त्यामुळे आवाज गोल आणि भरीव. आणि तुमच्यासाठी खास सोय अशी: ब्रास बँडमध्ये युफोनियमचं नोटेशन ट्रेबल क्लेफमध्ये, बी-फ्लॅटला लिहितात, आणि ते लिहिल्यापेक्षा सप्तक आणि एक स्वर खाली वाजतं. टेनर सॅक्सोफोनचंही हुबेहूब तसंच. तुमची टेनरची वही समोर ठेवा आणि वाचा, काहीच बदलावं लागणार नाही. बोटं ट्रम्पेटचीच, म्हणून पुढे ट्रम्पेटकडे जाताना तीही उपयोगी पडतात. टेनरची जी गाणारी जागा आहे, मधली, थोडी जाड, शब्दांच्या जवळची, तीच युफोनियमची आहे. युफोनियम कुठेच मिळत नाही आणि ट्रॉम्बोन सहज मिळतोय असं असेल तर तोही चांगला. नळी सरकवून मींड निघते, आपल्या गाण्यांना ती शोभते, पण वाचनाची सोय कमी. फ्रेंच हॉर्न मात्र या वयात पहिला ब्रास म्हणून मी सुचवत नाही. त्याचे स्वर वरच्या भागात इतके जवळजवळ बसलेले असतात की शेजारच्या घरात पाय पडणं हेच नेहमीचं होऊन बसतं.

हे सगळं सांगून झाल्यावर, तुमचं मन ट्रम्पेटवरच असेल तर ट्रम्पेटच घ्या. न आवडणाऱ्या वाद्यावर कोणी लांब स्वरांचा रियाज वर्षभर करत नाही.

वाद्य घेताना. देशातल्या बँडची बरीचशी वाद्यं मेरठच्या जाली कोठी भागातून येतात. ती परवडतात, पण त्यात नग नगाला फरक असतो, म्हणून न बघता मागवू नका. ब्रास वाजवणाऱ्याला बरोबर घेऊन जा. माझा कल यामाहासारख्या कंपनीच्या वापरलेल्या विद्यार्थी-ट्रम्पेटकडे आहे. मुंबईत धोबी तलावला वाद्यांच्या दुकानांत विचारा, आणि निवृत्त होणाऱ्या बँडवाल्यांकडेही अशी वाद्यं असतात. बघायचं एवढंच: पिस्टन दाबून सोडला की झटकन वर यायला हवा, पिस्टन न दाबता त्याची सरकती नळी ओढून काढली की ‘टप्’ असा आवाज यायला हवा, तो नाही आला तर हवा गळतेय, आणि प, सा, तार सा एकमेकांशी सुरात आहेत का ते ट्यूनरवर बघा. बाहेरची पॉलिश गेली असेल, छोटे पोचे असतील तर भाव पाडून घ्या. माउथपीस बाख कंपनीचा 7सी किंवा यामाहाचा 11बी4, दोन्ही चालतात. बाखमध्ये आकडा लहान म्हणजे माउथपीस मोठा आणि यामाहामध्ये नेमकं उलटं, हे लक्षात ठेवा. वरचे स्वर लवकर येतील म्हणून लहान, उथळ माउथपीस घ्यायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पिस्टनला रोज दोन थेंब तेल, महिन्यातून एकदा कोमट पाण्याने आतून धुणं, माउथपीस त्याहून वारंवार. पत्त्यांचा खर्च मात्र कायमचा सुटला.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर शेजाऱ्यांचा प्रश्न येतोच. प्रॅक्टिस म्यूट (वाद्याच्या तोंडात बसवायचं, आवाज दाबणारं बूच) मिळतो, पण त्याने फुंक अडते आणि सतत वापरला तर दाबून वाजवायची सवय लागते. निम्म्याहून जास्त रियाज मोकळ्या वाद्यावर व्हायला हवा. कपड्यांचं भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून वाजवलं तरी आवाज बराच मरतो. सकाळी दहानंतर आणि संध्याकाळी सातच्या आत, दहा-दहा मिनिटं, असं शेजारी सांगून ठरवलं तर बहुतेक लोक समजून घेतात.

क्लॅरिनेट बिघडेल का? नाही, क्रम पाळलात तर. ब्रास वाजवल्यावर ओठ भरल्यासारखे होतात. त्या ओठांनी लगेच क्लॅरिनेट घेतला तर पत्ती जड वाटते आणि सूर चुकतो. म्हणून आधी क्लॅरिनेट, मग ब्रास. उलटं करायचं असेल तर मध्ये तासाभराची सुट्टी. क्लॅरिनेटचा कार्यक्रम असेल त्या दिवशी पहिलं वर्षभर ट्रम्पेटला हात लावू नका. ब्रासवर जबडा सोडायला शिकलेले लोक क्लॅरिनेटवरही कमी चावतात आणि त्यांचा खालचा सूर मोकळा होतो, हा फायदा मी वारंवार पाहिलाय. दोन्ही वाद्यं उत्तम वाजवता येतात याचे दाखले मोठे आहेत. अमेरिकेत बेनी कार्टर आल्टो सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट दोन्हींवर पहिल्या रांगेतला. आपल्याकडे गोव्याच्या ख्रिस पेरींच्या हातात दोन्ही होती. ऑर्नेट कोलमन सॅक्सोफोनवर नावाजलेला असताना 1960 च्या दशकात स्वतःहून ट्रम्पेट शिकला आणि 1965 पासून मंचावर वाजवू लागला.

वेळेचं बोलायचं तर, रोज तीन छोटी सत्रं धरून: पहिले सहा आठवडे आवाज तुम्हाला आवडणार नाही, आणि सगळ्यात जास्त माणसं इथेच सोडतात, कारण तीस वर्षांनी पुन्हा वाईट वाजवणं सहन होत नाही. तीन-चार महिन्यांत एका सप्तकातली सावकाश गाणी सुरात यायला हवीत. वर्षाच्या आसपास तार प पर्यंत पोहोचून बँडमध्ये तिसऱ्या ट्रम्पेटचा भाग धरता येईल. पहिल्या ट्रम्पेटची घाई करू नका. त्या काळात आर्बनची 1864 मधली पद्धत, म्हणजे शिकवणीचं पुस्तक, घ्या. ती आजही ब्रास शिकणाऱ्यांच्या हातात असते, इंटरनेटवर फुकट मिळते, आणि तुम्हाला वाचता येत असल्याने सुरुवातीची पानं तुमची तुम्ही करू शकाल. फक्त ती पानं भराभर उलटू नका.

गुरूबद्दल शेवटी. पोलीस बँडमधले आणि पचमढीच्या लष्करी संगीत विभागात शिकून आलेले निवृत्त ब्रासवाले महाराष्ट्रात बऱ्याच शहरांत आहेत. जवळच्या बँडपथकात विचारलंत तर पत्ता लागतो. गोव्यात असाल तर कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागात चौकशी करा. महिन्यातून दोनदा कोणी समोर बसून तोंडाची ठेवण बघितली तरी पुरतं, पण ते कोणीतरी ब्रासवालंच असू द्या, तुमचे जुने क्लॅरिनेटचे गुरुजी नकोत. पहिल्या भेटीत त्यांना तळव्यावर ट्रम्पेट ठेवून प वाजवून दाखवा, कॅपबद्दल सांगा, आणि नोटेशन येतं हे मुद्दाम नंतर सांगा. नाहीतर तेही तुम्हाला पहिल्याच दिवशी गाणं देतील.